टेंपोत बसून राहिलेल्याची बहीण

‘कायदेताई’ हे नाव तिला कुणी कौतुकाने दिलं नव्हतं. दुकानाशेजारी मोबाइल दुरुस्त करणारा बसायचा, त्याने ते चिडवायला म्हणून काढलं आणि बघता बघता गल्लीभर झालं. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई वकीलबिकील असतील. आत डोकावलं की दिसायचं एक शिलाई मशीन, एक इस्त्री, वर दोरीला टांगलेल्या पँटी आणि त्यांच्या खाली चष्मा नाकावर घसरलेली, पन्नाशीला टेकलेली बाई.

नवे कपडे ती शिवायची नाही. शिवलेले उसवायचे आणि अंगाच्या मापात बसवायचे, हा तिचा धंदा. कुणाची कंबर सुटली, कुणाची ओसरली, कुणी थोरल्याचा कोट धाकट्यासाठी आत घ्यायला आणला. “माणसं फुगतायत तोवर मला मरण नाही,” असं ती म्हणायची. पूर्वी ती असं बरंच काही म्हणायची. बोलकी, हसरी, समोरच्याला शब्दात पकडणारी बाई होती. पुढे पुढे तिचं बोलणं एकाच गोष्टीत सगळं खर्च व्हायला लागलं आणि उरलेल्या वेळेला ती गप्प बसायला लागली.

ती गोष्ट तिच्या भावाची. भाऊ तिच्याहून बराच लहान. घरात त्याला सगळे धाकटाच म्हणत. आई दिवसभर कामाला बाहेर, म्हणून ताईनेच त्याला कडेवर वाढवला. पोरगा वाईट नव्हता, पण त्याच्या तोंडात ‘नाही’ हा शब्दच नव्हता. कुणी हाक मारली की हा निघाला. मोठा झाल्यावर टेंपो चालवायला लागला, कुणाचं कपाट पोचव, कुणाच्या फरश्या आण. शेजारच्या गॅरेजमधल्या वेल्डरशी त्याची उठबस होती. ताईला तो वेल्डर कधीच आवडला नाही. पण लग्न झालेल्या बहिणीने भावाच्या दोस्तांवर किती बोलायचं?

तर एका सुट्टीच्या दुपारी वेल्डर आणि त्याचा साडू धाकट्याकडे आले. एका गोदामात तांब्याची तार पडली होती, आज तिथे वॉचमन नसतो, असं त्यांचं म्हणणं. “तू फक्त टेंपो लाव आणि बसून राहा,” वेल्डर म्हणाला. धाकट्याने टेंपो लावला आणि बसून राहिला. चोरी आहे हे त्याला ठाऊक होतं. ताईनेही ते कधी झाकलं नाही.

पण वॉचमन होता. सुट्टीच्या पाळीला जोडीदार दांडी मारायचा, पण त्या दिवशी त्याला घरी काम निघालं म्हणून हा पाळी बदलून आला होता. साडूने त्याला धरलं, वेल्डरने डोक्यात कटावणी घातली. दवाखान्यात पोचायच्या आत माणूस गेला. दिवस मावळायच्या आत तिघेही सापडले.

निकालाच्या दिवशी ताई कोर्टात आईचा हात धरून उभी होती. न्यायाधीशांनी वाचलं, तिघांचा हेतू एक होता, म्हणून जे घडलं ते तिघांचंच. कटावणी घालणाऱ्याला जन्मठेप, धरून ठेवणाऱ्याला जन्मठेप, रस्त्यावर टेंपोत बसलेल्यालाही जन्मठेप. सगळं एका दमात वाचलं. ताईला आधी वाटलं, धाकट्याचं नाव वाचायचं राहिलंय आणि त्याचं वेगळं काही पुढे येईल. पुढे काही आलं नाही. शिपायाने पुढच्या खटल्याचा पुकारा केला.

“सुक्याबरोबर ओलंही जळतं,” आई पायऱ्या उतरताना म्हणाली. त्यानंतर तिने हा विषय कधी काढला नाही. तीन-चार वर्षांत तीही गेली. धाकट्याच्या बायकोने वाट पाहायची तेवढी पाहिली आणि मग दुसरा संसार मांडला. तिला ताईने नावं ठेवली नाहीत. “तिने तरी का जळायचं,” एवढंच म्हणाली.

अपील फेटाळलं गेलं. वरच्या कोर्टातही तेच झालं. तेव्हा त्यांची वकीलबाई, एक बारीक चणीची, सदा सर्दी झालेली बाई, ताईला म्हणाली, “आता कोर्टात काही उरलं नाही हो. न्यायाधीशाने कायद्याप्रमाणे केलं. बदलायचा तर कायदाच बदलायला हवा.”

“तो कसा बदलतात?” ताईने विचारलं. दुकानात चेन बदलायला किती वेळ लागेल असं गिऱ्हाईक विचारतं, तशा सुरात.

वकीलबाई हसली नाही. तिने सांगितलं की अशी आणखी घरं आहेत. कुणाचा मुलगा मारामारीच्या टोळक्यात मागे उभा होता, कुणाच्या नवऱ्याने मित्राला नुसती मोटरसायकल दिली होती, आणि सगळे खुनी म्हणून आत आहेत. या घरांतल्या बायका महिन्यातून एकदा एका शिकवणीच्या रिकाम्या वर्गात जमायच्या. ताई जायला लागली. पाठीला पाठ लावून मांडलेले बाक, फळ्यावर आदल्या दिवशीचं अर्धं पुसलेलं गणित आणि आपापला डबा मांडीवर घेऊन बसलेल्या बायका. पहिल्या दिवशी ती घसा बसेपर्यंत रडली. पुढे कुणी नवीन आली की तिच्या पाठीवर हात फिरवायचं काम ताईकडेच आलं.

मग सुरू झाले हेलपाटे. हे खातं, ते खातं, या आमदाराची बैठक, त्या पुढाऱ्याचा सचिव. सचिव म्हणायचा साहेब दौऱ्यावर आहेत, आणि आतून साहेबांच्या शिंकेचा आवाज यायचा. ताईने किती उंबरठे झिजवले आणि किती चपला, ते तिलाच माहीत. तिचा नवरा एका कारखान्यात लेथवर होता, शांत आणि थट्टेखोर माणूस. “आमच्या हिला सरकारने एक खुर्ची कायमची द्यावी,” तो म्हणायचा, “निदान गुडघे तरी वाचतील.” सुरुवातीला तो चारचौघांत तावातावाने सांगायचा, “चोर सोडून संन्याशाला फाशी आहे ही!” पुढे त्यालाही ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा कंटाळा दिसायला लागला, मग त्याने ते सोडून दिलं.

ताईचं भाषण ठरून गेलं होतं. दोन-तीन मिनिटांत सगळं मावेल असं वकीलबाईने तिच्याकडून बसवून घेतलं होतं. त्याची सुरुवात अशी, “माझा भाऊ आत गेलाच नव्हता.” हे वाक्य ती इतक्या वेळा बोलली की त्यातला भाऊ झिजून गेला. कधी कधी बोलता बोलता तिच्या मनात यायचं, आज त्या कोटाच्या अस्तराचं काय करायचं? आणि तोंड आपलं चालूच असायचं. याची तिला लाज वाटायची. पण थकलेल्या माणसाला लाजसुद्धा थोडा वेळच वाटते.

अशी वर्षं गेली. तिच्या मुलीचं लग्न झालं, केस पांढरे झाले, आणि एक दिवस वकीलबाईचा फोन आला. सरकारने समिती नेमली होती. गुन्ह्यात सामील असलेल्यांची जबाबदारी कशी ठरवावी, कायद्यात काय बदलावं, हे ती सुचवणार होती. समिती लोकांचं म्हणणं ऐकणार होती. त्यात ताईचं नाव होतं.

सुनावणी एका सरकारी इमारतीत, वरच्या मजल्यावर झाली. खोली गार, टेबल लांबलचक, प्रत्येक सदस्यापुढे पाण्याची बाटली. ताई उभी राहिली आणि म्हणाली, “माझा भाऊ आत गेलाच नव्हता.” बाकीचं सगळं जसंच्या तसं आलं. एका सदस्याने विचारलं, “चोरीची त्याला कल्पना होती?”

“होती, साहेब. चोरीची शिक्षा द्या ना. आम्ही कुठे नको म्हणतोय?”

सदस्यांनी माना डोलावल्या. उत्तर चांगलं गेलं होतं. ताई बसली, आणि पुढचं नाव पुकारलं गेलं. मागच्या रांगेतून एक उंच, सावळी बाई उठून पुढे आली. ती त्या वॉचमनची बायको होती.

ताईने तिला निकालाच्या दिवशी पाहिलं होतं, तेव्हा तिच्या कडेवर तान्हं मूल होतं. आता ती एका पाळणाघरात कामाला होती, तिने तशी सुरुवातीलाच ओळख करून दिली. कागद आणला नव्हता. “मला जास्त बोलता येत नाही,” ती म्हणाली. “गोदामाच्या दारापासून टेंपो किती लांब होता? हे टेबल ते ती खिडकी, एवढाच. आमचे हे ओरडले होते. रस्त्यापलीकडच्या दुकानदाराने ऐकलं, त्यानेच पोलिसांना बोलावलं. कोर्टात तसं आलंय. मग टेंपोतल्याला ऐकू नाही आलं? एक हॉर्न वाजवला असता, तर ते दोघं घाबरून पळाले असते. तुम्ही कायदा बदला नाहीतर नका बदलू. मला एवढंच विचारायचं होतं.”

समितीचं काम उत्तर द्यायचं नव्हतंच.

चहाची सुट्टी झाली तेव्हा दोघी बाहेरच्या पॅसेजमध्ये एकाच बाकावर आल्या, कारण दुसरा बाक नव्हताच.

“तुमच्याबद्दल मला राग नाही,” ती बाई म्हणाली. “बहीण आहात, तुम्ही करणारच. पण तुमचा भाऊ संन्यासी नाही हो.”

“मी कधी म्हटलं तसं?”

“दरवेळी म्हणता. पेपरात आलं होतं, टीव्हीवर पण ऐकलं मी. आत गेला नव्हता, आत गेला नव्हता. बरं, नव्हता गेला. मग बाहेर काय करत होता?”

ताईने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की तिला हे माहीत नाही. इतकी वर्षं ती तुरुंगात भेटीला गेली, कपडे नेले, मुलीच्या लग्नाचे फोटो दाखवले, अपिलाचं काय झालं ते सांगितलं. त्या दुपारी तू काय करत होतास, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

पुढच्या भेटीत तिने विचारलं. काचेच्या पलीकडे धाकटा बसला होता. कपाळ मोठं झालेलं, दात एक पडलेला. कानाला फोन लावून तो नेहमीसारखं विचारत होता, भावजींचे गुडघे कसे आहेत.

“गुडघे ज्याचे त्याच्याकडे राहू दे,” ताई म्हणाली. “त्या माणसाचं ओरडणं तुला ऐकू आलं होतं का?”

शेजारच्या खिडकीत कुणाची तरी आई मोठ्याने रडत होती, तिचा आवाज कमी होईपर्यंत धाकटा थांबला.

“आलं होतं.”

“मग?”

“रेडिओ चालू होता टेंपोत.” त्याने डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडेच होते. “मी आवाज वाढवला.”

“का रे?”

“ऐकू येऊ नये म्हणून, ताई.”

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“कुणी विचारलंच नाही. कोर्टातसुद्धा नाही. तेव्हाचे वकील म्हणाले, गप्प बस, तू आत नव्हतास हेच आपलं म्हणणं. सरकारी वकिलाला तर माझ्याकडून काही नकोच होतं. आणि तू इतकं करत होतीस...”

वेळ संपल्याची घंटा झाली. ताई उठली, आणि एरवी काचेला हात लावून निघायची, ते त्या दिवशी विसरली. की विसरली नव्हतीच, ते तिचं तिलाच माहीत.

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने थट्टा केली नाही. चहा केला, कप तिच्यापुढे ठेवला आणि समोर बसून राहिला. “ज्याला मी चालायला शिकवलं, त्याने असं केलं हो,” ती म्हणाली. “हाताने नाही मारलं, पण मरू दिलं.”

त्यानंतर तिने बायकांच्या बैठकीला जाणं बंद केलं. फोन घेईना. भेटीलाही जाईना. दिवसभर मशीनवर वाकून बसायची, एकाची शिवण उसवून झाली की दुसऱ्याची. थकवा तर आधीपासूनच होता, पण इतके दिवस त्याला काही अर्थ होता. आता नुसताच थकवा उरला होता, अंगावर ओल्या गोधडीसारखा.

एका सकाळी वकीलबाई दुकानात आली, नाक ओढत. ताईने तिला स्टूल दिलं आणि सगळं सांगून टाकलं.

“माहीत असतं तर लढला नसतात?” वकीलबाईने विचारलं.

“काय की. तोंड वर करून बोलले नसते एवढं नक्की.”

“समितीला हे सांगायची गरज नाही बरं का. अहवाल आपल्या बाजूने येईलसं दिसतंय. उगाच हातचं जाईल.”

ताई इस्त्री फिरवत राहिली. तिच्या मनात काही दिवसांपासून जे घोळत होतं ते आता शब्दांत यायला लागलं. “बाई, मला एक सांगा. मरत्या माणसाची हाक ऐकून रेडिओ मोठा करणाऱ्याला काय शिक्षा असते?”

“तशी नेमकी काही... ते बघावं लागेल. कुणी त्या अंगाने विचार केला नव्हता.”

“तेच. कुणाला गरजच पडली नाही. तिघांना एका गाठोड्यात बांधलं की आत कोण काय आहे हे बघायला नको. ना न्यायाधीशाने बघितलं, ना तुम्ही, ना मी. त्या बाईने बघितलं. नवरा गेला तिचा, म्हणून.”

वकीलबाईने नाक पुसलं. मग म्हणाली, “भावाला विचारा आधी. त्याचं बोलणं आहे, तुमचं नाही.”

ताई भेटीला गेली. धाकट्याने ऐकलं आणि मान डोलावली. “सांग,” म्हणाला. “नाहीतर मीच सांगतो. दोघांपैकी एकाने तरी सांगायला पाहिजे.”

समितीने तिला दुसऱ्यांदा बोलायला वेळ दिला. या वेळी तिने पाठ केलेलं वाक्य वापरलं नाही. रेडिओचं सांगितलं, अडखळत, मध्ये मध्ये थांबत. “त्याने जे केलं त्याची शिक्षा त्याला व्हावी,” ती म्हणाली. “वेल्डरने केलं त्याची वेल्डरला. पण त्यासाठी आधी प्रत्येकाला वेगळं उभं करून विचारावं लागेल ना? तेवढं करा.” खोलीत या वेळी कुणी मान डोलावली नाही. एका म्हाताऱ्या सदस्याने मात्र चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तिच्याकडे बघत राहिला.

अहवाल आला. मग तो कुठेतरी अडकला, मग सरकार बदललं, मग कुणीतरी तो पुन्हा वर काढला. अखेरीस कायदा बदलला, पण सगळा नाही. बरंच काही कापून, आत घेऊन. तरी त्यात एवढं राहिलं की सोबत असणं हेच खून केल्यासारखं धरायचं नाही. कोण काय करत होता, काय ठाऊक होतं, काय मनात होतं, ते ज्याचं त्याचं तपासायचं. जुन्या कैद्यांना फेरसुनावणी मागता येईल असंही एक कलम शेवटच्या क्षणी शिरलं. बातमी आली तेव्हा बायकांनी त्या वर्गात एकमेकींना मिठ्या मारल्या. ताई बाकावर बसून होती. तिला आनंद झाला होता, पण उठून उभं राहण्याइतका नव्हता.

धाकट्याची फेरसुनावणी व्हायला आणखी दीड-दोन वर्षं गेली. न्यायाधीश या वेळी एक तरुण बाई होत्या. त्यांनी धाकट्याला सरळ विचारलं, “त्या वेळी तुम्ही काय करत होता?” धाकट्याने सांगितलं. हॉर्नवर हात गेला होता हेसुद्धा सांगितलं, आणि तो हात तिथून काढून रेडिओकडे नेला हेही. हे हॉर्नचं ताईनेही पहिल्यांदाच ऐकलं. वॉचमनची बायको दोन रांगा पुढे बसली होती. तिची पाठ ताठ झालेली ताईला मागून दिसली.

खुनाचा ठपका निघाला. चोरीत सामील असल्याचा, आणि मदत न करता माणसाला मरणाच्या तोंडी सोडल्याचा दोष ठेवला गेला. त्याची जी शिक्षा झाली ती भोगून झाल्याला बरीच वर्षं उलटली होती. वर जास्तीच्या भोगलेल्या वर्षांचं काय, हे कुणी विचारलं नाही, आणि धाकट्यानेही नाही.

बाहेर पायऱ्यांवर ती बाई ताईची वाट बघत उभी होती. “इतकी वर्षं वाटायचं,” ती म्हणाली, “त्यांची हाक कुणापर्यंत गेलीच नाही. गेली होती तर.”

“माफ करा असं म्हणायला मला तोंड नाही,” ताई म्हणाली.

“नका म्हणू. मी करणारही नाही.” तिने पर्स खांद्यावर नीट केली. “पण तुम्ही विचारलंत त्याला, हे लक्षात राहील माझ्या.” आणि ती रस्ता ओलांडून बसथांब्याकडे गेली. तिच्याबरोबर एक उंच मुलगी होती, तिच्यासारखीच. मुलीने मागे वळून पाहिलं, आईने नाही.

धाकटा ताईच्याच घरी राहिला. पुढच्या खोलीत अंथरूण टाकायचा, पहाटेच उठून घडी करून बसायचा, कुणी सांगेपर्यंत दिवा लावायचा नाही. दार उघडायचं झालं तरी आधी ताईकडे बघायचा. टेंपो त्याने पुन्हा चालवला नाही. एका ठिकाणी गाड्या धुण्याचं काम धरलं. ताई त्याला वाढायची, त्याच्या शर्टाची बटणं बघायची, पण पूर्वीसारखा डोक्यावरून हात तिला फिरवता आला नाही. कधी वाटायचं फिरवावा, हात अर्ध्यावर जायचा, तेवढ्यात कामाचं काही आठवायचं. धाकट्याला ते कळत असावं.

एका सुट्टीच्या दुपारी तिने दुकान उघडलंच नाही. जेवून झाल्यावर आडवी झाली. “अगं, आज बैठक आहे ना?” नवऱ्याने विचारलं.

“आहे. त्यांची त्या करतील. माझं झालं आता.”

“मग झोप निवांत. कुणी आलं तर मी सांगतो, कायदेताई सेवेतून निवृत्त झाल्या.”

तिला गाढ झोप लागली, कितीतरी दिवसांनी. जाग आली ती बाहेरच्या बोलण्याने. कुणी बाई विचारत होती, त्या कपडेवाल्या कायदेताई इथेच राहतात ना? मुलाला पोलिसांनी नेलंय, फार लांबून आलेय, मित्रांबरोबर नुसता होता तो, मला काही कळत नाहीये हो. आवाज अगदी रडण्याच्या काठावर आलेला होता. नवरा म्हणत होता, झोपलीय जरा, बसा तुम्ही. धाकट्याने खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, मग पाण्याच्या तांब्याचा.

ताई डोळे मिटून पडून राहिली. थोडा वेळ, अजून थोडा वेळ. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि चष्मा शोधायला लागली.